सुटं वचन आणि पूर्ण पत्र

‘बायबल सगळ्या काळांत सारखंच वाचलं जातं, संस्कृतीचा काय संबंध?’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हे वचन घ्या: तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्या आहेत, तुम्हाला आशा देणाऱ्या आहेत, असं देव त्यात म्हणतो. नोकरी, व्हिसा, फ्लॅटचं कर्ज, कशासाठीही हेच वचन स्टेटसला. मुळात ते बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात मायदेशी परतायला 70 वर्षं लागतील असं सांगितलंय, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण तिथेच मरणार! आणि आशा आहे ती सगळ्या समाजाला मिळून. आपण ‘मी, माझं करिअर’ या सवयीने वाचतो, म्हणून हे निसटतं. सातव्या वचनात तर त्या परक्या शहराच्या भल्यासाठी झटा, प्रार्थना करा असं सांगितलंय. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेल्या आपल्यासारख्यांना याहून जवळचं काय असेल? मालाडच्या आमच्या प्रार्थनागटात मी अख्खा अध्याय वाचायचा आग्रह धरते.