वेल्सच्या समुद्रकाठच्या चर्चमध्ये त्या-त्या संताचं चित्र का दिसत नाही?

शिंपला

गेल्या रविवारी अँगलसी बेटावर अबरफ्रावजवळचं सेंट कुइवनचं चर्च पाहून आले. ओहोटी लागेपर्यंत दीड तास किनाऱ्यावर थांबले, मग शेवाळलेल्या दगडांवरून जपत जपत त्या एवढ्याशा बेटावर पोचले. भोवती दगडी बांध, वर गवत, थोडी थडगी आणि मधोमध चुन्याने पांढरंशुभ्र केलेलं बुटकं चर्च. दार बंद होतं. खिडकीला नाक लावून, दोन्ही हातांनी डोळ्यांवरचा उजेड अडवून आत पाहिलं. बाकं दिसली, पण संताचं एकही चित्र नजरेस पडलं नाही.

मी हौसेने चित्रं काढते. वही नेली होती ती संतांचे चेहरे उतरवून आणायला. मार्चमध्ये पेम्ब्रोकशरला नेवर्नच्या सेंट ब्रिनाकच्या आवारात तो उंच दगडी क्रूस पाहिला. त्यावरच्या गाठींची नक्षी काढताना सकाळ गेली, हात भरून आले. तिथेही नक्षीच, चेहरा नाही.

इथे दर दुसऱ्या गावाचं नाव 'लान'ने, म्हणजे वेल्श भाषेतल्या 'चर्च'ने, सुरू होतं आणि पुढे कुणा संताचं नाव येतं. गावाच्या नावात संत आहे, मग भिंतीवर का नाही? चित्रं कधी नव्हतीच, की होती आणि गेली? जुलैत फिशगार्डहून बोटीने आयर्लंडला जायचंय. तिथे तरी ही मंडळी भेटतील का?

काचकाम

शिंपला, दोन्ही झालं आहे.

हे संत बहुतेक पाचव्या-सहाव्या शतकातले. त्यांच्या मागे लगेच उरले ते दगड. आधी नुसती नावं कोरलेले, मग क्रूस कोरलेले. तुम्ही ज्याच्या गाठी काढल्यात तो क्रूस साधारण १००० सालच्या आसपासचा, म्हणजे ब्रिनाकला जाऊन चारेकशे वर्षं झाल्यावरचा. त्या कारागिराला संताचा चेहरा काढावासा वाटला नाही, न संपणारी दोरी कोरावीशी वाटली. त्यामुळे तुम्ही उतरवून आणलंत ते त्या काळचं धार्मिक चित्रच आहे, त्याला कमी लेखू नका.

चेहरे पुढे आले. मूर्ती, भित्तिचित्रं, समाधीवरचे दागिने, सगळं आलं आणि सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत, मूर्ती-अवशेषांची पूजा नको म्हणून, गेलं. १५३८ हे एकच वर्ष घ्या. पेम्ब्रोकशरमधल्या सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलमध्ये खुद्द तिथल्याच बिशपने, विल्यम बार्लोने, वेल्सचा मुख्य संत डेव्हिड याच्या समाधीवरची रत्नं काढून घेतली आणि अवशेष जप्त केले. त्याच वर्षी लानदेर्वेलच्या संत देर्वेलची लाकडी मूर्ती लंडनला नेली आणि स्मिथफील्डला जॉन फॉरेस्ट नावाच्या फ्रायरला (कॅथलिक संन्याशाला) जिवंत जाळलं, तेव्हा त्या आगीत तीही घातली. गावकऱ्यांची ज्या मूर्तीवर एवढी श्रद्धा, तिचं सरपण झालं. कितीदा वाचलं तरी पोटात कालवतं. देर्वेलच्या मूर्तीसोबतचा लाकडी प्राणी तेवढा गावात राहिला. झिजून गेलेला तो प्राणी आजही चर्चमध्ये आहे.

बाकी ठिकाणी भिंतींवर चुना फिरला. पण चुना झाकतो तसा जपतोही. ग्लॅमॉर्गनमधल्या लानकार्वनला, सेंट कॅडॉकच्या चर्चमध्ये, २००८ साली भिंतीवर एक बारीक लाल रेघ दिसली. चुन्याचे थर हळूहळू उतरवत गेले तशी आख्खी भिंत बोलू लागली: ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, सात महापापं, एका नटलेल्या तरुणाला ओढून नेणारा मृत्यू. मी तिथे गेलो तेव्हा अर्धा तास त्या तरुणाच्या कपड्यांसमोरच उभा होतो. समुद्र तिथून थोडा लांब आहे, तरी वाट वाकडी करून जा.

चेहरेच हवे असतील तर सेंट डेव्हिड्सला जा. डेव्हिडची समाधी १२७५ ची. माझ्या पहिल्या भेटीत तिथे नुसते रिकामे दगडी कोनाडे होते. २०१२ साली तिचा जीर्णोद्धार झाला आणि सारा क्रिस्पने रंगवलेली पाच चित्रं तिथे आली. समोर डेव्हिड, पॅट्रिक आणि अँड्र्यू. बरेच लोक एवढं पाहून निघतात. तुम्ही मागच्या बाजूला नक्की जा, तिथे डेव्हिडची आई नॉन आणि त्याचा मित्र जस्टिनियन आहेत. मला नॉनच सगळ्यात आवडते. मग दक्षिणेकडे कड्यावर चालत जाऊन तिच्या नावाच्या पडक्या चॅपलजवळची विहीर पाहा. आणि कॅथीड्रलमध्ये कॉयरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, आसनांखालचं लाकडी कोरीव काम वाकून बघायला विसरू नका. बोट लागल्यामुळे कडेवरून ओकणारा एक प्रवासी त्यात आहे. हे सगळे संत समुद्रावरूनच ये-जा करत होते, हे मला त्या प्रवाशाने पटवलं.

भरतीची_वेळ

अँगलसीला परत गेलात तर उत्तर टोकाचं लानबाद्रिग बघा. बाद्रिग म्हणजे आयर्लंडचा संत पॅट्रिक. त्याचं जहाज तिथे फुटलं आणि वाचल्यावर त्याने चर्च बांधलं, अशी परंपरा. आत मात्र निळ्या टाइल्स आणि भौमितिक नक्षीच्या काचा आहेत. १८८४ च्या डागडुजीचा खर्च लॉर्ड स्टॅनलीने केला. त्याने इस्लाम स्वीकारला होता आणि ही नक्षी त्याच्या आवडीची. बाहेर आयरिश समुद्र, आत तो निळा उजेड. मी तिथून लवकर निघूच शकले नाही.

आयर्लंडला वॉटरफर्ड काउंटीतलं आर्डमोर चुकवू नका. संत डेक्लनची घंटा वेल्समध्ये राहिली आणि एक मोठा धोंडा ती घेऊन समुद्रावर तरंगत आला, अशी कथा. तो धोंडा अजून किनाऱ्यावर आहे. वर टेकाडावर बाराव्या शतकातला गोल मनोरा आणि छप्पर नसलेलं कॅथीड्रल. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, कमानींच्या रांगेत आदम-हव्वा, सॉलोमनचा न्याय, बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी. आठशे वर्षं खारा वारा खाऊन चेहरे साबणासारखे झिजलेत. दुपार कलल्यावर जा. तिरक्या उन्हात सावल्या पडतात तेव्हाच त्या मूर्ती दिसतात.

शिंपला

लानबाद्रिगला अगदी जवळ जाऊन आले आणि पाहिलं नाही, याचं फार वाईट वाटतंय. काचकाम, तुमच्या नावावरून विचारते, आयर्लंडमधल्या काचांबद्दल सांगाल?

काचकाम

सांगतो, हा माझा जिव्हाळ्याचा विषय. आयर्लंडमधली जुनी चर्च बरीचशी पडकी, आणि कॅथलिकांनी नवी बांधली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून. म्हणून तिथे हे संत काचेतून परत आले. त्या काचा करणाऱ्यांत आयरिश चित्रकार हॅरी क्लार्क सगळ्यांच्या वरचा. कॉर्कच्या होनन चॅपलमध्ये एकोणीस खिडक्या आहेत, त्यातल्या अकरा त्याच्या, १९१६ च्या सुमाराच्या. इनिशीर बेटावर मधमाश्यांची संत गोबनेट हिचं छोटं दगडी चर्च आहे, छप्पर उडालेलं, तिचं चित्रबित्र काही नाही. तीच गोबनेट होननमध्ये गडद निळ्या झग्यात उभी आहे आणि तिच्या मधमाश्या चोरांच्या मागे लागल्यात.

त्या निळ्याजवळ जाऊन बघा. साध्या काचेवर रंगीत काचेचा पातळ पापुद्रा असतो. जिथे रंग ठेवायचा तिथे मेण लावायचं आणि बाकी भाग आम्लात खाऊ द्यायचा. पुन्हा मेण, पुन्हा आम्ल. असं करत एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंतच्या छटा निघतात. मी हे करून पाहिलंय. हातभर काचेला चार दिवस गेले आणि शेवटच्या बुडवणीत छटा हातची गेली.

डिंगल गावी डीशर्टच्या चॅपलमध्येही क्लार्कच्या बारा काचा आहेत, येशूच्या आयुष्यावरच्या. त्याही बघून या. छोटी दुर्बीण ठेवा, वरच्या भागातले चेहरे नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. आणि पाऊस असला म्हणून बेत रद्द करू नका. भर उन्हात फिके रंग डोळ्यांवर येतात आणि निळा मागे पडतो. ढगाळ दिवशी तो निळा वर येतो. बाकावर बसा, वही उघडा आणि ढग हलण्याची वाट बघा.