डबीर हे आडनाव नक्की कुठून आलं?

आईच्या माहेरचं आडनाव डबीर. मामाकडे येणाऱ्या पाकिटांवर आजवर कबीर, दबीर, डाबर आणि एकदा तर चक्क 'डॉ. बीर' असं छापून आलेलं मी स्वतः बघितलंय, आणि मामा आता दुरुस्ती करायच्या फंदातच पडत नाही, सही करतो नि पाकीट घेतो. अर्थ मात्र घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आजी म्हणायची महाराजांच्या दरबारातलं मोठं पद होतं, पण कसलं पद असं विचारलं की गाडी 'मोठं'च्या पुढे सरकायची नाही. ऑफिसमधला एकजण म्हणाला डबे बनवणारे असतील, हसत म्हणाला पण मला वाटतं सिरियसली म्हणाला. तर डबीर म्हणजे काय, आणि हे आडनाव इतकं कमी का ऐकू येतं?

—

डब्याशी काडीचा संबंध नाही हो :) मूळ शब्द फारसी, दबीर. अर्थ लेखनिक, दरबाराचा पत्रव्यवहार सांभाळणारा. आजी बरोबर सांगत होत्या. सोनोपंत डबीर म्हणजे शहाजीराजांच्या वेळचे जुने जाणते कारभारी. त्यांचे चिरंजीव त्र्यंबक सोनदेव डबीर, १६६६ साली महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा मागे राहून मोगलांच्या हाती सापडले त्यातले एक, रघुनाथ बल्लाळ कोरड्यांबरोबर, आणि दोघांचेही तिथे फार हाल झाले. नंतर १६७४ ला राज्याभिषेकात फारसी पदनामं काढून संस्कृत दिली गेली तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री आणि डबीराचा सुमंत. त्या वेळी सुमंत कोण, तर त्र्यंबकपंतांचेच चिरंजीव रामचंद्र त्र्यंबक. काम परराष्ट्राचं, बाहेरच्या सत्तांशी पत्रव्यवहार, त्यांचे वकील आले तर त्यांची सरबराई, हे सगळं.

गंमत बघा, दरबारातून फारसी नावं गेली पण आडनावांतून नाही गेली. मुजुमदार, वाकनीस, डबीर अजून आहेत, सुमंतही आहेत, आणि मंत्री नि सचिव मात्र मंत्रालयात जाऊन बसले.

—

एक भर. लखनौचे मर्सिये (करबलाच्या हुतात्म्यांवरची शोककाव्यं) लिहिणारे मिर्झा दबीर (१८०३–१८७५) त्यांचं 'दबीर' हे तखल्लुस, म्हणजे कवी म्हणून घेतलेलं टोपणनाव, हाच शब्द. आणि आजच्या इराणमध्ये दबीर म्हणजे हायस्कूलचा शिक्षक, दबीरस्तान म्हणजे हायस्कूल. म्हणजे तुमचे मामा तेहरानला गेले तर लोक विचारतील कुठला विषय शिकवता.

—

मामा गणितात दोनदा नापास झालाय, त्याला नको सांगायला 😀 बरं पण द चा ड कसा झाला? आणि दुर्मिळ का ते राहिलंच. सोनोपंतांचेच सगळे वंशज म्हणून कमी आहेत का?

—

द चा ड होणं आपल्याकडे नवीन नाही, दंश वरून डास आणि डसणे, दाह वरून डाह, तसंच समजा.

दुर्मिळपणाचं माझं गणित वेगळं आहे, ते एका घराण्यावर नाही, पदावर आहे. कुळकर्णी दर गावाला एक. पाटील दर गावाला. देशमुख-देशपांडे दर परगण्याला. आता अशी हजारो गावं धरा, प्रत्येक गावात एक वतनदार घर, त्यांच्या भाऊबंदक्या, वाटण्या, तीनशे वर्षांत किती घरं झाली असतील, म्हणून तर कुठल्याही वर्गात हाक मारली 'कुलकर्णी' की चार जण वळतात. चिटणीस-फडणीस मध्ये कुठेतरी, कारण मोठ्या सरदाराकडे, किल्ल्यावर, संस्थानात अशी कचेरी असायची. डबीर मात्र राजाच्या दरबारात लागतो, गावच्या चावडीत त्याला कामच काय? एका राज्याला एक. त्यात १६७४ नंतर आपल्याकडे ते नावच बदललं, म्हणजे नवीन डबीर तयार होणं थांबलं.

सगळेच सोनोपंतांचे असं मात्र म्हणू नका. हे पद दिल्लीच्या सुलतानांकडे होतं (दबीर-ए-खास), इतर दरबारांतही होतं. बंगालमध्ये हुसेन शहाच्या दरबारी जो 'दबीर खास' होता तो पुढे सगळं सोडून चैतन्य महाप्रभूंचा शिष्य झाला, रूप गोस्वामी. म्हणून आडनाव एक म्हणजे कुळ एक असं नसतं, आधी कुलदैवत, गोत्र, मूळ गाव विचारायचं मग नातं जोडायचं.

—

फारसीवर थांबू नका, खरी मजा त्याच्या मागे आहे. दबीर चं जुनं रूप दिबीर, आणि त्याच्या पोटात आहे प्राचीन पारसिकांचा शब्द 'दिपि', म्हणजे लेख, लिखाण. दारयवहु (डरायस) राजाने इराणातल्या बिसुतूनच्या कड्यावर जो प्रचंड लेख कोरून घेतला त्यात हा शब्द आहे. आणि आपला 'लिपी' हा शब्द त्याच दिपि वरून आला असं बरेच अभ्यासक मानतात, इथल्या लिप् धातूच्या प्रभावाने द चा ल झाला. पाणिनीने एका सूत्रात लिपि आणि लिबि दोन्ही दिलेत, म्हणजे त्याच्या कानावर दोन्ही रूपं होती.

थोडक्यात, डबीर आणि लिपी हे चुलतभाऊ. दिवाण हा शब्दही त्याच गोतावळ्यातला धरतात, म्हणजे दिवाणखाना आणि दिवाणी दावासुद्धा. आणि दिपि मूळची पारसिकांचीही नाही, ती मेसोपोटेमियातून आली, तिथे सुमेरियन भाषेत मातीची पाटी म्हणजे 'दुब' आणि पाटीवर लिहिणारा 'दुबसर'.

—

माफ करा पण हे व्हॉट्सॲपछाप वाटतंय. आवाज जुळला की व्युत्पत्ती जुळली असं नसतं, मग मीही म्हणेन डाबर पण डबीर वरून. दिपि मधला प गेला कुठे आणि ब आला कुठून?

—

प्रश्न रास्त आहे. उत्तर तुमच्या रोजच्या बोलण्यातच आहे. संस्कृतात पाणी म्हणजे आप्, फारसीत आब. पंजाब, गुलाब, जुलाब, आबदार, सगळीकडे तोच ब. स्वरामागचा जुना प फारसीत ब झालाय, एकट्या दिपि साठी खास सवलत दिलेली नाही. आणि वाटेतले मुक्कामही सापडतात, गुजरातेतल्या वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत 'दिविरपति' नावाचा अधिकारी येतो, काश्मीरचा संस्कृत कवी क्षेमेंद्र ११ व्या शतकात 'दिविर' म्हणून कारकुनांची यथेच्छ टिंगल करतो. म्हणजे हा शब्द मुसलमानी राजवटींबरोबर आपल्याकडे पहिल्यांदा आला असंही नाही, संस्कृतात तो आधीच येऊन बसला होता, दुसऱ्यांदा आला तो दबीर होऊन.

आता सगळ्यात भारी. गिरनारच्या शिळेवर अशोक आपल्या लेखाला धंमलिपी म्हणतो. तोच राजा, तेच इ.स.पू. ३ रं शतक, पण वायव्येला शाहबाजगढीच्या शिळेवर, जिथे लेख खरोष्ठीत म्हणजे उजवीकडून डावीकडे कोरलाय, तिथे शब्द आहे 'ध्रमदिपि'. आणि 'लिहिली' ला तिथे शब्द आलाय 'निपिस्त'. हा निपिस्त ओळखीचा वाटतो का? यातलाच धातू पुढे फारसीत नविश्तन झाला, लिहिणे, त्याचा नवीस, आणि आपल्याकडे झिजून नीस. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, वाकनीस मधला. म्हणजे डबीरांचा दिपि आणि फडणीसांचा नीस एकाच दगडावर शेजारी शेजारी.

—

पटलं. डाबर मागे घेतो.

—

सगळ्यांचे आभार, मी इथे चार ओळींच्या उत्तराची अपेक्षा ठेवून आलो होतो. काल मामाला फोनवर सगळं वाचून दाखवलं, सुमेर, अशोक, आग्रा, काही सोडलं नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'म्हणजे ते दबीर लिहिलेलं पाकीट तेवढं बरोबर होतं की रे.'