घटस्फोटाच्या वकिलाची फी आधी कशी ठरवायची?

बेरीज_वजाबाकी: दीड वर्ष माहेरी आहे. नवरा फोनवर "देतो ना घटस्फोट" म्हणतो, सही करायची वेळ आली की गायब. दोन वकील बघितले. पहिले सासरच्या गावचे, आतेभावाच्या ओळखीचे. फी विचारली तर "ताई, घरचंच काम, बघू नंतर" म्हणत वकीलपत्र पुढे सरकवलं. मी ऑफिसात बिलं तपासते; 'बघू नंतर'वाल्यांचीच बिलं सगळ्यात मोठी निघतात. सही न करता उठले. आतेभाऊ अजून रुसलाय.

दुसऱ्या म्हणाल्या, "आत्ता काही नको, एकरकमी पोटगी मिळाली की दहा टक्के." ऐकायला बरं वाटलं, घरी हिशेब मांडला तर पोटात गोळा आला. असं चालतं का? आणि वकील तिथला घ्यावा की इथला? पगार बेताचा आहे, बाबांकडे मागायचे नाहीत.

जुना_काळा_कोट: टक्केवारी चालत नाही. निकालात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. त्या बाईंना नमस्कार करून बाहेर पडा.

लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, तर २००३ च्या दुरुस्तीपासून बायको राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. मग वकील इथलाच घ्या, नाहीतर दर तारखेला त्याचा प्रवासखर्चही तुमच्याच माथी. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी नवऱ्याकडून मागता येते. हा अर्ज लवकर टाकायला सांगा.

सायली_प: पगार बेताचा म्हणतेस म्हणून सांगते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे. मी तिथूनच वकील घेतला. पहिले गृहस्थ दोन तारखांना फाइल न उघडताच आले, मग लेखी तक्रार करून बदलून घेतले. दुसऱ्या वकीलबाई मात्र फार चोख. फुकट म्हणून गप्प बसू नकोस, एवढंच.

तारीख_पे_तारीख: माझी फी तारखेवर होती. समोरचा गैरहजर, साहेब रजेवर, काम शून्य, तरी पैसे मोजायचे. अशा अकरा तारखा भरल्या! टप्प्यांवर ठरवा: अर्ज दाखल, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स धरून की वेगळं, तेही विचारा. प्रत्येक पैशाची पावती घ्या.

आणि तुमचा नवरा मध्येच तयार झाला तर? दावा संमतीचा झाला की काम बरंच कमी होतं. संमतीच्या दोन अर्जांमधले सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलंय. तेव्हा भांडून किती आणि संमतीने किती, दोन्ही आकडे आजच लिहून घ्या. मी घेतले नाहीत, पूर्ण फी भरली.

जुना_काळा_कोट: वर, वकील बदलताना फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत. सुप्रीम कोर्टाचा २००० चा निकाल आहे.

बेरीज_वजाबाकी: दोन आकड्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि म्हणे मी बिलं तपासते! सोमवारी अर्धी रजा टाकून प्राधिकरणात जाते. सायली, तक्रार कुणाच्या नावे लिहिली होतीस?