लोहाच्या गोळ्यांनी सिकलसेल हटत नाही

भाच्याला सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. बीट, गूळ, लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन का वाढत नाही, असं ताईंनी विचारलंय. ताई, इथे मूळ दोष लोहाचा नाहीच. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, अडकते, फुटते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. मग रक्त टिकणार कसं?

अशा पेशी अडकून हातपाय ठणकले तरी आमच्या धडगावकडे (जि. नंदुरबार) वात समजून तेल चोळतात (मीही चोळलंय). आई-बाप दोघेही वाहक (अंगात दोष, पण स्वतः आजारी नाहीत असे) असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याचा २५ टक्के धोका. ‘पहिलं आजारी, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा. धाकट्याचीही तपासणी करा. सोल्युबिलिटी टेस्टवर (रक्तात दोष आहे की नाही, एवढंच सांगणारी चाचणी) थांबू नका; वाहक की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिसने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) कळतं.