कातळावरच्या बागेसाठी ग्रासकटर: काका स्वतः चालवणार आहेत, सल्ला हवा

आडिवरेकर
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची दोन एकरांची बाग आहे, चाळीसेक हापूस कलमं आणि बाकी काजू. दरवर्षी गणपती गेले की बेणणीसाठी, म्हणजे वाढलेलं गवत आणि झुडपं साफ करायला, गड्यांच्या मागे फिरावं लागतं आणि यंदा तर कोणीच मिळत नाहीये. काकांनी ठरवलंय की पेट्रोलचा ग्रासकटर घ्यायचा आणि स्वतः चालवायचा. वय 61, तब्येत चांगली, पण कंबर अधूनमधून धरते. जमीन कातळाची, थोडा उतार, जांभ्याचे खडे जिकडेतिकडे. टू स्ट्रोक घ्यावा की फोर स्ट्रोक? खांद्याला लटकवायचा की पाठीवरचा? शेजारच्या वाडीत एकाच्या पायाला पातं लागलं, तेव्हापासून काकूंनी धसका घेतलाय. मी पुण्यात असतो, रोज लक्ष ठेवता येणार नाही. म्हणून नीट विचारून घेतोय.

लांजेकर बागवाला
आमच्याकडे दोन्ही आहेत. दोन एकरांसाठी 35 सीसीचा फोर स्ट्रोक, साइडला लटकवायचा घ्या. वजन सात-आठ किलो, धूर कमी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. 52 सीसीच्या मोहात पडू नका, 61 व्या वर्षी ती थरथर हातांना सोसत नाही. पाठीवरचा उतारावर वळायला बरा वाटतो, पण पाय घसरला तर तो पटकन अंगावेगळा करता येत नाही. साइडच्याला झटक्यात सुटणारा हूक असतो. तो दुकानातच दोन-तीन वेळा सोडून बघायला सांगा काकांना.

कमरेचं म्हणाल तर सगळा खेळ पट्ट्याचा आहे. दोन्ही खांद्यांवरून येणारा रुंद पट्टा घ्या. मशीन लटकवून हात सोडले की पुढचं टोक जमिनीच्या थोडंसं वर तरंगायला हवं. ते खाली पडत असेल तर काका दिवसभर हाताने उचलून धरणार आणि रात्री कंबर धरून बसणार.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांचं पोर्टल) आधी अर्ज करा. पूर्वसंमती यायच्या आत खरेदी केलीत तर पैसे मिळत नाहीत.

गडग्यापलीकडे
मी फक्त एकच गोष्ट सांगायला आलोय. पात्यावरचा गार्ड, म्हणजे खडे अडवणारं संरक्षक झाकण, काढायचा नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या बागेत माझे मेहुणे ग्रासकटर चालवत होते. गवत ओलं होतं, गार्डखाली सारखं अडकत होतं, म्हणून त्यांनी गार्ड काढून गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवला. माझा पुतण्या चहा घेऊन आला. तो आठ-दहा पावलांवर होता, हाक मारत होता. मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. चिंचोक्याएवढा जांभ्याचा खडा सुटला आणि पोराच्या डोळ्याच्या कडेला लागला. बुबुळ वाचलं, पण पापणीला टाके पडले. ती किटली मला अजून दिसते.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. मशीन चालू असताना 15 मीटरच्या आत कोणी यायचं नाही, माणूस नाही, कुत्रा नाही, गुरं नाहीत. काम असेल तर समोरून, लांबून हात हलवायचा आणि मशीन बंद होईपर्यंत तिथेच थांबायचं. पाठीमागून जाऊन खांद्याला हात लावायचा नाही, कारण माणूस दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर पातंही वळतं.

चालवणाऱ्याने तोंडासमोर जाळीची व्हायजर लावलीच पाहिजे, पण बारीक कच जाळीतून आत येते. म्हणून आत गॉगल घालायचा. कानाला इअरमफ, पायात गमबूट, जाड फुल पँट. गमबूट फुरशासाठीही (विषारी साप) हवेत, कातळावर गवतात ते असतंच. आणि डोळ्यात काही गेलंच तर चोळायचं नाही, रुतलेलं ओढून काढायचं नाही. डोळ्यावर दाब येणार नाही अशी वाटी किंवा कागदी कप उपडा ठेवून तडक डॉक्टरकडे न्यायचं.

रानमोडी
पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे मशीन उजवीकडून डावीकडे ओढत कापायचं, म्हणजे गवत कापलेल्या बाजूला पडतं आणि पुढचं दिसतं. पात्याची पुढची-उजवी बाजू, घड्याळात 12 ते 3 असतात तो भाग, खोडाला किंवा दगडाला टेकवायचा नाही. तिथे लागलं की मशीन उसळून मागे येतं. तुमच्या शेजारच्या वाडीत असंच झालं असण्याची शक्यता आहे.

कमरेएवढं गवत असेल तर एका दमात तळाशी जायचं नाही. आधी गुडघ्याच्या उंचीवर कापायचं, मग आतले दगड, तारेचे तुकडे, फुटकी कौलं दिसतात. ती उचलायची आणि मग खालून घ्यायचं. जिथे खडे आहेत तिथे पातं न लावता नायलॉन दोरी वापरा. दोरी आदल्या रात्री पाण्यात भिजत ठेवली तर कमी तुटते, मी कायम तसंच करतो. रानमोडी, घाणेरीच्या जाड काड्यांना मात्र पातंच लागतं. काही जण दोरीच्या जागी तार किंवा साखळी लावतात. तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. हे कधीच करू देऊ नका.

कोकणकन्या
कलमांच्या बुंध्यापाशी ग्रासकटर नेऊ नये, दोरीचाही नाही. साल सगळीकडून सोलली गेली की झाड वरून वाळत येतं, आणि आपल्याला वाटतं रोग पडला. आमची तीन कोवळी कलमं अशीच गेली. बुंध्याभोवती हातभर जागा आधी कोयत्याने हाताने साफ करून घ्यायची.

गॅरेजवाला भाऊ
माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी बरीचशी जुन्या पेट्रोलने बिघडलेली असतात. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. बेणणी संपली की टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल घालू नका. टू स्ट्रोक घेतलाच तर ऑइलचं प्रमाण पुस्तिकेत बघा. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. अंदाजाने ओतून पिस्टन जाम झालेली मशीन मी बघतोय.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटं गार होऊ द्या, आणि भरलेल्या जागेपासून चार पावलं लांब नेऊन सुरू करा. फोर स्ट्रोकचं ऑइल रोज काम सुरू करण्याआधी बघा. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून लावा. खाली पात्याजवळच्या गिअरबॉक्सला बाजूने एक बोल्ट असतो, तो काढून साधारण 25 तासांनी ग्रीस भरायचं. हे कोणी करत नाही आणि मग गिअर खातात.

गवत शाफ्टला गुंडाळलं गेलं तर इंजिन बंद, स्पार्क प्लगची कॅप काढलेली, मगच हात लावायचा. पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पात्याला तडा गेला तर फेकून द्या, वेल्डिंग करून आणू नका.

आडिवरेकर
सगळ्यांचे आभार. 35 सीसी फोर स्ट्रोक काल घेतला, गॉगल आणि इअरमफसुद्धा. काकूंनी वरचा किटलीचा प्रसंग दोनदा वाचला आणि गार्ड कोणी काढणार नाही हे काकांकडून वदवून घेतलं. एक शंका आहे. रेस न देताही पातं हळूहळू फिरत राहतं. दुकानदार म्हणतात, नवीन मशीनला चालतं.

गॅरेजवाला भाऊ
चालत नाही. रेस सोडली की पातं थांबलंच पाहिजे. आयडलचा स्क्रू (रेस न देता इंजिन किती वेगाने चालतं ते ठरवणारा) थोडा सैल करून रेस उतरवा. तरीही फिरत असेल तर क्लचमध्ये दोष आहे, वॉरंटीत बदलून घ्या. तोपर्यंत काकांना बागेत नेऊ देऊ नका.