वीस-बावीस वर्षांनी सोलापूरला जातेय, पप्पांच्या माणसांकडे कसं जाऊ?

डोंबिवलीची_लेक

नमस्कार. थोडं मोठं लिहितेय, प्लीज वाचा.

माझे आई-पप्पा दोघंही सोलापूरचे. आई बाळीवेशीतली, पप्पांचं लहानपण जुनी मिल चाळीत गेलं, आजोबा मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते, मिल बंद पडल्यावर त्यांनी भवानी पेठेत दोन खोल्या घेतल्या. पप्पा नोकरीसाठी इकडं आले आणि मी डोंबिवलीचीच झाले. दर मे महिन्यात जायचो, मग मी सातवीत असताना त्या दोन खोल्यांवरून पप्पा आणि काकांचं वाजलं ते कायमचंच. त्यानंतर पप्पा सोलापूरला गेले ते फक्त आईच्या माहेरच्या लग्नांना, स्टेशनवरून थेट कार्यालय आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून परत.

पप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. काका आले नाहीत. पण खरं सांगायचं तर आम्हीच त्यांना उशिरा कळवलं, दहाव्याच्या आदल्या दिवशी, आणि ते मला फार डाचतं. शेवटच्या दिवसांत पप्पा सारखे "भोंगा झाला का?" विचारायचे. मला कळायचंच नाही, आईनं सांगितलं की मिलच्या भोंग्यावर तिकडं अख्ख्या गावाचं घड्याळ चालायचं, शाळेत कधी निघायचं ते पण.

मला ते घर बघायचंय. आत्तीला भेटायचंय (पप्पांची थोरली बहीण, ८० च्या पुढं आहे, काकांच्या शेजारच्याच गल्लीत राहते). जमलं तर काकांनाही. आई म्हणते न सांगता जाऊ, सांगितलं तर नको म्हणतील. मला ते पटत नाहीये. आणि गड्ड्याला (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) जावं का नंतर? घराचा विषय निघाला तर काय बोलायचं? मला त्यातलं काही म्हणजे काहीच नकोय.

बाळीवेसकर

ताई, तुमच्या आईंच्या गल्लीतलाच म्हणा की मी. या, लै बरं वाटलं वाचून.

न सांगता मात्र येऊ नका. दारात आलेल्याला सोलापुरात कुणी जा म्हणत नसतंय, त्याची काळजी नको, पण एवढ्या वर्षांनी अचानक दारात उभं राहिलं की समोरच्याला तोंडात शब्द सापडत नाहीत आणि मग ती गप्प बसायची वेळ दोघांच्याही डोक्यात राहते. फोन करा, आणि काकांना नको, आत्तींना करा. थोरली बहीण आहे ती, धाकट्या भावाला काय सांगायचं, कधी सांगायचं, जेवायच्या आधी का नंतर, तिला सगळं बरोबर कळतंय.

मुक्काम लॉजवर करा, नवी पेठेत नाहीतर स्टेशनच्या बाजूला मिळून जाईल. ते रागावतील, "घर असताना लॉज?" म्हणतील, तरी पण. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतंय, भरून ठेवलेल्यात घर चालतंय, त्यात दोन माणसं वाढली तर घरातली बाई बोलणार नाही पण तिला ताण होतो. जेवायला मात्र घरीच जा.

गड्ड्यालाच या असं माझं मत. संक्रांतीला बाहेरगावची सगळी पोरं घरी आलेली असतात, एका फेरीत सगळे भेटतील. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, तुमच्या पप्पांनी हे सगळं खांद्यावर बसून बघितलेलं असणार. कथेतल्या कुंभार कन्येचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागतंय आणि अख्खं गाव त्या लग्नाला अक्षता टाकायला येतंय. असल्या दिवशी कोण कुणाशी अबोला धरंल?

पूर्वभाग

गड्ड्याबद्दल माझं वेगळं मत आहे. त्या तीन-चार दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते, सासुरवाशिणी आलेल्या, जावई आलेले, आणि तुम्हाला बोलायचंय ते बावीस वर्षांचं. ते चार लोकांसमोर होत नाही. संक्रांत झाली की आठ-दहा दिवसांनी या, होम मैदानावरचे पाळणे आणि दुकानं तेव्हाही असतात, गर्दी कमी झालेली असते. मे महिन्यात मात्र येऊ नका, आईंना ऊन झेपणार नाही.

आता माझं सांगतो. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, आजोबा सोलापुरात हातमागावर होते, मग वडील पॉवरलूमच्या कामाला भिवंडीला गेले आणि आम्ही तिथलेच झालो. मी पहिल्यांदा एकटा साखर पेठेत गेलो तेव्हा वडिलांचं आधार कार्डावरचं नाव घेऊन तासभर फिरलो, कुणालाच माहीत नाही. शेवटी एका ओट्यावर म्हाताऱ्या बाई विड्या वळत बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "घरात काय म्हणत होते त्याला?" वडिलांना फोन लावला. ते घरातलं नाव मी तोपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं, माझ्या वडिलांचं! ते सांगितल्याबरोबर बाईंनी सुपडं बाजूला ठेवलं आणि स्वतः उठून घर दाखवायला आल्या. त्या माझ्या वडिलांच्या सख्ख्या मावशीच्या जाऊबाई निघाल्या.

म्हणून सांगतो, निघायच्या आधी आईंकडून सगळ्यांची घरातली नावं लिहून घ्या. आजोबा मिलमध्ये कुठल्या खात्यात होते ते पण, जुनी माणसं तशीच ओळखतात. आणि फोटो मोबाईलमधले नकोत, प्रिंट काढून न्या. म्हाताऱ्या माणसांना हातात धरायला लागतो फोटो. ते नावं सांगतील ती तिथंच मागं पेन्सिलनं लिहा. मी लिहिली नव्हती, आता त्या आजी नाहीत आणि एका फोटोतली सात माणसं मला कायमची अनोळखी राहिली.

शेंगापोळी

घराच्या विषयाबद्दल लिहिते, आमच्याकडं हेच झालं होतं.

तुम्ही स्वतःहून विषय काढू नका, "मला काही नकोय" हे सुद्धा पहिल्या भेटीत म्हणू नका. तुम्हाला ते मोठेपणानं म्हणायचंय पण काकांना ते ऐकताना भीक टाकल्यासारखं वाटू शकतं. त्यांनी काढला तर "काका, ते नंतर निवांत बोलू, आज मी तुम्हाला बघायला आलेय" एवढंच. आणि भावनेच्या भरात तिथं कुठल्या कागदावर सही नको, तुमचीही नको आणि आईंचीही नको. हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोड पत्र रीतसर नोंदणी करून होतं, त्याला वेगळा दिवस आहे.

दहाव्याच्या निरोपाचं मात्र बोला. ते तुमच्या मनावर आहे तसं त्यांच्याही असणार. भाऊ गेला आणि आपल्याला आदल्या दिवशी कळलं, हे माणूस विसरत नाही. दोन खोल्यांपेक्षा मला तर हेच मोठं वाटतं.

आत्तींची ओटी भरायचं सामान इथूनच न्या. आणि परतीला बॅगेत जागा ठेवा, कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगा चटणी आणि चादर दिल्याशिवाय कुणी सोडणार नाही, नको म्हणू नका.

जुनं_गाव_नवं_गाव

मिलबद्दल थोडं. मुरारजी गोकुळदासांची ती मिल, १८७७ ला सुरू झाली, म्हणून तिला जुनी मिल म्हणायचे, मुरारजी पेठेचं नाव त्यांच्यावरूनच. साठच्या दशकात बंद पडली. पप्पांनी सांगितलेलं तिथं तसंच सापडेल असं मनात धरून जाऊ नका, भाग पार बदललाय. पण किल्ला, हुतात्मा बाग, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ जागच्या जागी आहे. संध्याकाळी आईंना घेऊन तळ्याच्या काठाला बसा, त्या आपोआप बोलायला लागतील.

डोंबिवलीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री आत्तीला फोन केला. आईनं नंबर लावून दिला आणि स्वतः किचनमध्ये जाऊन उभी राहिली.

मी नाव सांगितलं तर तिला कळेना. मग पूर्वभाग यांनी सांगितलं तसं पप्पांचं घरातलं नाव घेतलं आणि म्हणाले त्याची मुलगी. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाली, "कधी येऊ लालीस?" मी म्हटलं संक्रांतीनंतर दहा दिवसांनी, आईला घेऊन. तर म्हणाली, "ये. तुझ्या काकाला मी सांगते, तू त्याला फोन करू नको. आणि येताना माझ्या भावाचा फोटो आण. माझ्याकडं हाय तो त्याच्या लग्नाच्या आधीचा, मिशी पण नीट फुटली नव्हती. म्हातारपणी कसा दिसत होता मला माहीत नाही."

तिकिटं काढलीत. आज दिवसभर मी आणि आई फोटो काढून बसलोय. आजारपणातले बाजूला ठेवले. रिटायरमेंटच्या दिवशीचा एक आहे, गळ्यात हार, हातात नारळ, आणि नेमके कॅमेऱ्याकडं न बघता आईकडं बघून हसतायत. आईला वाटतं समोर बघणारा न्यावा. मी हाच मोठा करून घेतेय, दोन कॉप्या, एक आत्तीला आणि एक काकांना.