रात्री घरात वाजवायला छोटा गिटार अँप: कोणता घ्यावा?

श्टुटगार्टहून

नमस्कार मंडळी,

तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे, खाली वयस्कर जोडपं राहतं. गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट, सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग). वाजवायला वेळ मिळतो तो साडेआठ ते दहा. सध्याचा अँप १५ वॅटचा. व्हॉल्यूम एकवर ठेवला तर आवाज दबलेला, केसभर पुढे सरकवला की एकदम अंगावर येतो. ३ वॅटचा घेतला तर भागेल का? गणेशोत्सवासाठी सेमी-अकूस्टिकचाही (पिकअप बसवलेल्या अकूस्टिक गिटारचा) सराव करायचा आहे. दोन्हींना एकच अँप चालेल का?

म्युनिकहून

दादा, ३ वॅटने प्रश्न सुटणार नाही. वॅट पाचपट कमी झाले तरी आवाज ७ डेसिबलनेच उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात. गिटारच्या चांगल्या १० इंची स्पीकरला १ वॅट दिला तर एका मीटरवर साधारण ९५ डेसिबल मिळतात. तुम्हाला हवेत ६५, म्हणजे बोलण्यापेक्षा जरासा मोठा आवाज. तेवढ्याला १ वॅटचा हजारावा भाग पुरतो! लहान स्पीकर याहून मंद असतात, तरी हिशेब फारसा बदलत नाही. त्यामुळे वॅट विसरा. नॉब अगदी खाली असताना अँप कसा वाजतो, तेवढंच पाहा.

तुमच्या अँपचा कामाचा सगळा टापू नॉबच्या पहिल्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये कोंबलेला आहे, म्हणून तो अंगावर येतो. गेन (आवाज किती फाटावा ते) आणि मास्टर (एकूण आवाज) वेगवेगळे असलेला अँप घ्या. तोपर्यंत गिटारचाच व्हॉल्यूम ६ वर आणून बघा. अँपच्या नॉबला फिरायला जागा मिळते, पण वरची झिलई थोडी कमी होते.

दुसरी अडचण कानाची. कमी आवाजात कान आधी खर्ज सोडतो, मग अगदी वरचा भाग. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. यामाहाचा टीएचआर१०-२ घरातल्या आवाजासाठीच बनवलेला आहे, त्यामुळे हळू वाजवतानाही भरीव वाटतो. रोलँडचा मायक्रो क्यूब जीएक्स (३ वॅट, ५ इंची) आणि बॉसचा कटाना मिनी (७ वॅट, ४ इंची) स्वस्त पडतात. दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. मायक्रो क्यूबमध्ये ट्यूनरही आहे.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या अँपच्या, मोहात मात्र पडू नका. १ वॅटचा व्हॉल्व्ह अँप रंगात येतो तो ९० डेसिबलच्या पुढे. शिवाय स्पीकर न जोडता तो चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

फ्रँकफुर्टहून

ताईंच्या हिशेबात एक भर घालतो. खालच्यांना त्रास होतो तो हवेतून जाणाऱ्या आवाजाचा कमी आणि जमिनीतून उतरणाऱ्या खर्जाचा जास्त. कान भरावा म्हणून बास वाढवला आणि अँप लाकडी जमिनीवर असला, तर खालचं छतच स्पीकर होतं. अँप खुर्चीवर ठेवा, खाली ५ सेंटिमीटर जाड घट्ट फोम घाला. हाताने दाबल्यावर पूर्ण बसणारा गादीचा फोम नको, वजनाखाली तो चपटा होतो आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. भिंतीत ठोकलेल्या फळीवर किंवा कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात खर्ज फुगतो. स्पीकर कानाच्या उंचीला, एक मीटरवर हवा. जमिनीवर असला की वरचे सूर गुडघ्यांपाशीच जातात आणि आपण उगाच आवाज वाढवत बसतो. पायाने ताल धरायची सवय असेल तर खाली जाड गालिचा घ्या, ती ठकठक गिटारपेक्षा जास्त उतरते.

दहानंतर सरळ हेडफोन, तेही वायरचे. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद मागे राहतो, तालात वाजवणं अशक्य होतं. अँपवरचं ब्लूटूथ असतं ते फोनवरचा ट्रॅक लावायला. हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचे घ्या, २५० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनवर आवाज पुरेसा उघडत नाही. हेडफोनची बारीक पिन अँपच्या जाड जॅकमध्ये बसवायला जोडपिन घेताना ती स्टीरिओच घ्या, दोन काळ्या रेघांची. एक रेघ म्हणजे मोनो, मग एकाच कानात ऐकू येतं आणि दोष हेडफोनला जातो.

म्युनिकहून

फोमबद्दल पूर्ण सहमत. राहिलं सेमी-अकूस्टिकचं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं देत नाही, म्हणून सेमी-अकूस्टिकमधला पिएझो पिकअप कटानावर घुसमटल्यासारखा वाजतो. टीएचआर१०-२ वर ‘अको’ आणि ‘फ्लॅट’ असे दोन प्रकार आहेत, तिथे ती मोकळी वाटते. मायक्रो क्यूबवरच्या ‘अकूस्टिक’ने फसू नका, तो इलेक्ट्रिकला अकूस्टिकसारखी करतो. सेमी-अकूस्टिक त्यावर लावायचीच असेल तर ‘माइक’ निवडा.

सिंगल कॉइलमुळे स्ट्रॅट गुणगुणते. ती गुणगुण कमी करायला आधी स्वतः ९० अंश फिरा, मग डिमरचा दिवा बंद करा आणि लॅपटॉपचा चार्जर लांब न्या. मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या २ आणि ४ नंबरला ती जवळपास जाते. गेन जितका वाढवाल तितकी ती वर येते, तेव्हा गेन निम्म्याच्या आत ठेवा.

श्टुटगार्टहून

ताई, दादा, खूप आभार. क्लाइनआनत्साइगनवर (जुन्या वस्तूंच्या जर्मन साइटवर) जुना टीएचआर१०-२ दिसतोय. शनिवारी बघायला जाणार आहे. काय तपासू?

फ्रँकफुर्टहून

आपली गिटार, आपली केबल आणि आपले हेडफोन घेऊन जा. व्हॉल्यूम पूर्ण खालून अगदी सावकाश वर न्या. पहिल्या मिलिमीटरात खरखर झाली किंवा एकच बाजू आधी उघडली तर नॉब खराब आहे, आणि तुम्हाला तर तिथेच वाजवायचं आहे. जॅक हलवून बघा. हेडफोन घातल्यावर स्पीकर बंद होतो का पाहा. मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्या. दुसरा लावायचा झाला तर व्होल्ट, अँपिअर आणि पिनेची मधली बाजू प्लस की मायनस, हे तिन्ही अँपवरच्या चित्राशी ताडून मगच लावा.